कोल्ड स्टोअरेजचा लॉगर नेटला जोडताना: खाडा दिसलाच पाहिजे

तासगाव तालुक्यातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मालकांनी माझ्यापुढं एक जाडजूड वही ठेवली. मालकांना गावात लहानथोर सगळे आबाच म्हणतात. वहीत चार चेंबर, दर तासाचं तापमान आणि शेवटी सही. एकही रकाना मोकळा नाही. मी पानं उलटत गेलो. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतचे सगळे आकडे एकाच पेनाचे, एकाच दाबाचे, एकाच कलत्या अक्षरातले. ४.२, ४.२, ४.३, ४.२. वॉचमन तात्या सकाळी चहा पिता पिता अख्खी रात्र लिहून काढत होते.

मी हसलो नाही, कारण मीही हे केलंय. वाळवा तालुक्यात एका साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात बावीस वर्षं काढली. ऐन सीझनमध्ये तिसऱ्या पाळीला पहाटे तीनचं रीडिंग कोण कुणाला विचारतंय? पाच वाजता बसायचं आणि मागचे चार तास भरून टाकायचे.

पण आबांनी मला वहीसाठी बोलावलं नव्हतं. त्यांच्याकडं आधीच कुणीतरी बसवून दिलेला लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवून नेटवर पाठवणारा बॉक्स, होता, मोबाईलवर आलेख दिसायचा. मे महिन्यात तीन नंबर चेंबरची वायर उंदरानं कुरतडली आणि त्याच आठवड्यात त्या चेंबरच्या फॅनची मोटर गेली. आलेख मात्र चार दिवस ४.२ वर सरळ रेघ मारत राहिला. सेन्सर बोलत नसेल तर शेवटचा आकडा पुन्हा पाठवायचा, असं त्या प्रोग्रामात कुणीतरी लिहून ठेवलं होतं. तात्याही तोवर मोबाईलमधलाच आकडा वहीत उतरवत होते. शेवटी पेट्या काढायला आत गेलेला हमाल म्हणाला, "आबा, आत उबट लागतंय की ओ." बघितलं तर १९ अंश. हिरवा बेदाणा तांबूस पडला, आणि ज्यांचा माल होता ते शेतकरी दारात आले.

म्हणजे यंत्रानंही एकाच पेनानं रात्र लिहून काढली होती. हजेरीपटावर माणूस आला नाही की आपण खाडा मांडतो. लॉगरलाही खाडा मांडता आला पाहिजे, आणि तो दूर बसलेल्या माणसाला दिसला पाहिजे. पुढं जे सांगतोय ते सगळं याच हिशोबानं मी आता कसं बसवतो त्याचं आहे. वायरमनचं काम येणाऱ्या आणि थोडंफार प्रोग्रामिंग करू शकणाऱ्या माणसाला हे जमतं.

आधी स्वेटर घाला आणि आत जा

बॉक्स, बोर्ड, नेट यांचा विचार नंतर. आधी चेंबरमध्ये अर्धा तास फिरा. थंडी सगळीकडं सारखी नसते. फॅनच्या तोंडासमोर सेन्सर लावला तर आकडा कायम सुंदर येणार, आणि दाराजवळच्या वरच्या थरातल्या पेट्यांचं काय चाललंय ते कधीच कळणार नाही. मी एक सेन्सर त्या सगळ्यात वाईट जागी लावतो. थप्पीच्या वरच्या थरापाशी, दाराच्या बाजूला, पण दारातून येणारा वारा थेट लागणार नाही असा. दुसरा सेन्सर हवा फॅनकडं परत जाते त्या वाटेवर. दोन्हींतला फरक वाढत चालला की समजायचं, थप्प्या इतक्या गच्च मारल्यात की हवा फिरायला जागाच नाही.

दार उघडलं की हवेचा आकडा लगेच उड्या मारतो, पण पेटीतल्या मालाला एवढ्यानं काही होत नाही. म्हणून वाईट जागेचा प्रोब, म्हणजे सेन्सरचं मोजणारं टोक, मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत ग्लिसरीन भरून त्यात बुडवतो आणि झाकणाला भोक पाडून सील करतो. ग्लिसरीन हळू तापतं, हळू थंड होतं, साधारण मालासारखंच. या एका बाटलीनं खोटे अलार्म निम्म्यावर आले. लसीच्या फ्रिजमध्येही प्रोब असाच द्रवात बुडवून ठेवतात.

प्रोब म्हणजे डीएस१८बी२०, स्टीलच्या टोपणातला. कंपनी उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान अर्ध्या अंशाची चूक कबूल करते. बाजारात नकली माल भरपूर, म्हणून प्रत्येक प्रोबची बर्फाची परीक्षा घ्या. थर्मासमध्ये बर्फ ठेचून भरा, फटी भरतील एवढंच पाणी ओता, प्रोब मधोमध खुपसा, दहा मिनिटं थांबा, मध्ये दोनदा ढवळा. शून्य यायला हवं. ०.४ आलं तर त्या प्रोबच्या नावापुढं उणे ०.४ लिहून ठेवा आणि प्रोग्राममध्ये आलेल्या आकड्यातून तेवढे ०.४ वजा करा. एक अंशाच्या पुढं गेला तर तो प्रोब लावूच नका. प्रत्येक प्रोबला जन्मतः एक क्रमांक असतो. तो वाचून प्रोबवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पुढच्या वर्षी कुठला कुठला हे शोधत बसाल. मी बसलोय.

वायर

सगळे जोड चेंबरच्या बाहेर. आतल्या जोडावर दव धरतं आणि दोन महिन्यांत तांबं हिरवं पडतं. पफ पॅनेलला, म्हणजे चेंबरच्या फोम भरलेल्या भिंतीला, भोक पाडायच्या आधी मालकांना आणि रेफ्रिजरेशनवाल्याला विचारा, पलीकडं अमोनियाची लाईन असू शकते. भोक नंतर फोमनं आणि सिलिकॉननं बुजवा. बॉक्सचा ग्लँड, म्हणजे वायर आत घ्यायचं कसायचं तोंड, खालच्या बाजूला घ्या आणि वायर बॉक्सात शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातूनच गळून जातं. मोटरच्या केबलबरोबर एकाच पाईपात सेन्सरची वायर घालू नका. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा मोठा स्विच, पडला की आकडे नाचतात. शील्डची वायर असेल तर शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

डेटाच्या वायरीला ३.३ व्होल्टकडं ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतोच. तो विसरलात तर टेबलावर एखादवेळी चालेलही, पण साईटवर बंद पडेल. लांब वायरीला चारी बाजूंना फाटे काढत बसू नका. एकच वायर चेंबर-चेंबर करत पुढं न्या.

आता या सेन्सरचे दोन खोटे आकडे पाठच करा. वायर तुटली की सेन्सर वाचायच्या नेहमीच्या लायब्ररीतून, म्हणजे तयार प्रोग्रामातून, उणे १२७ येतं. सेन्सरला नुकतीच वीज मिळाली आणि मोजमाप पुरं व्हायच्या आत तुम्ही विचारलंत, तर ८५ येतं. बारा बिटांवर मोजायला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढं थांबा. हे दोन आकडे आले की तापमानाची जागा रिकामी सोडायची आणि शेजारच्या रकान्यात दोषाचा क्रमांक लिहायचा. शून्यही टाकायचा नाही. कोल्ड स्टोअरेजमध्ये शून्य हे खरंच येऊ शकणारं तापमान आहे. मागचा आकडा पुन्हा लिहायचा मोह झाला तर तीन नंबर चेंबर आठवा.

पॅनेलवरचा कंट्रोलर वाचायचा असेल तर

बऱ्याच स्टोअरेजमध्ये दर चेंबरला एक डिजिटल कंट्रोलर, म्हणजे थंडी चालू-बंद करणारा डबा, असतो आणि त्याच्या पाठीवर ए आणि बी असे दोन स्क्रू असतात. ते आरएस४८५, म्हणजे दोन तारांवरून आकडे नेणारी जोडणी. त्यावर मॉडबस ही यंत्रांची भाषा बोलतात. स्वतःचा प्रोब लावलात तरी हाही वाचा, कारण दोन वेगळे साक्षीदार कोर्टातही बरे पडतात.

उत्तर येत नसेल तर निम्म्या वेळा ए आणि बी उलटे लागलेले असतात. अदलाबदल करा, काही जळत नाही. मग वेग आणि पॅरिटी (चूक पकडायची खूण) बघा, वेग बहुतेक ९६००. मग प्रत्येक कंट्रोलरला वेगळा क्रमांक दिलाय का ते बघा. कारखान्यातून सगळे एक नंबर घेऊनच येतात आणि चौघं एकदम बोलायला लागतात. रजिस्टरचा, म्हणजे आकडा ठेवलेल्या कप्प्याचा, पत्ता पुस्तकात ४०००१ असेल तर प्रोग्राममध्ये तो बहुतेक ० असतो. या एकाच्या फरकानं मी एकदा अख्खा दिवस तापमान समजून सेट पॉइंट, म्हणजे कंट्रोलरला ठरवून दिलेलं तापमान, वाचत होतो. सेट पॉइंटची रेघ तर सरळच येणार! किती छान थंडी धरून ठेवलीय म्हणून आबा खूश, मीही खूश.

आकडा दहापट येतो, ४२ म्हणजे ४.२. आणि कधीतरी ६५५३१ दिसलं तर घाबरू नका, ते उणे ०.५ आहे. सोळा बिटांचा आकडा चिन्हासकट वाचायला सांगा.

बोर्ड, म्हणजे लॉगरचा मेंदू, मी ईएसपी३२ वापरतो, त्यात वायफाय आतच असतं. तो ३.३ व्होल्टचा आहे, म्हणून ४८५ चा चिपही ३.३ व्होल्टवर चालणारा घ्या. बॉक्स चेंबरबाहेर, पॅनेल रूममध्ये. ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. राऊटर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवला असेल तर त्याला नेटवर्क दिसणारच नाही. आणि पफ पॅनेलला दोन्हीकडून पत्रा असतो, त्यातून वायफाय आरपार जाईल ही आशा धरू नका.

घड्याळ

ऑगस्टात सांगलीत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल, पण पूर आला की अख्खं शहर त्याच्या आकड्यावर श्वास घेतं. ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, तेव्हा मोबाईलवर आकडे फिरत होते आणि प्रत्येक शहाणा माणूस एकच विचारत होता, "हे किती वाजताचं?" ४३ फूट चढतं की उतरतं, हे वेळेशिवाय कळत नाही. सामान दुसऱ्या मजल्यावर न्यायचं की नाही, ते त्यावर ठरतं.

लॉगरचंही तसंच. नेटवरून वेळ घेणारा बोर्ड लाईट येऊन चालू झाला आणि त्याच क्षणी नेट नसलं, तर त्याच्या लेखी १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. साडेपाच का, तर जागतिक वेळेच्या आपण साडेपाच तास पुढं आहोत म्हणून. त्या तारखेच्या नोंदी कुठं जाऊन बसतात हे शोधणं म्हणजे वैताग.

म्हणून डीएस३२३१ हे वेगळं घड्याळ बसवा. महिन्याला पाच-सहा सेकंदांच्या वर चुकत नाही. त्याच्या निळ्या मॉड्यूलवर एक भानगड आहे: त्यात सेल चार्ज करायचं सर्किट असतं, आणि आपण टाकतो तो साधा सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो. चार्जिंगच्या वाटेवरचा रेझिस्टर काढून टाका. दिवसातून एकदा नेटवरून वेळ घेऊन घड्याळ जुळवा. नेटची वेळ आणि घड्याळाची वेळ यांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक आला तर गुपचूप बदलू नका, तशी एक नोंद लिहा. सेल मेल्याचं ते पहिलं लक्षण असतं.

आणखी एक. सुरक्षित जोडणी, म्हणजे एचटीटीपीएस, सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासताना तारीख बघते. घड्याळ १९७० मध्ये असेल तर प्रमाणपत्र नामंजूर होतं आणि तुम्ही नेटला शिव्या देत बसता.

आधी कार्डावर, मग नेटवर

या क्रमात उलटापालट करायची नाही. दर पाच मिनिटांनी रीडिंग घ्यायचं, मेमरी कार्डावर लिहायचं, फाईल बंद करायची, आणि मगच पाठवायचा विचार. फाईल उघडी ठेवून लाईट गेली की कार्ड बिघडतं, आणि लाईट तर जाणारच.

रोजची वेगळी फाईल, नाव तारखेचं, वर्ष आधी, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. एक ओळ माझ्याकडं अशी दिसते:

२०२६-०२-१४ ०२:१०, चेंबर ३, ४.३, दार बंद, लाईट आहे, दोष ०

आणि वायर तुटली की अशी:

२०२६-०२-१४ ०२:१५, चेंबर ३, , दार बंद, लाईट आहे, दोष १

बोर्ड नव्यानं चालू झाला की पहिली ओळ "सुरू" एवढीच, आणि मागची शेवटची नोंद किती वाजताची होती ते तिच्यात. हाच तो खाडा. दोन वाजून दहा ते चार वाजून पाच मी बंद होतो, असं यंत्रानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे.

कार्ड केवढं घ्यायचं हे लोक फार विचारतात. पाच मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला २८८ ओळी. ओळीला ६० अक्षरं धरली तर एका चेंबरचे दिवसाला १७ किलोबाईट, वर्षाला सहा-सव्वासहा मेगाबाईट. चार चेंबरचे पंचवीस. दुकानात मिळेल ते सगळ्यात लहान कार्ड आयुष्यभर पुरतं. पैसे मोठ्या कार्डावर घालण्यापेक्षा चांगल्या कंपनीच्या कार्डावर घाला, आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून घ्या.

पाठवणं

कार्डावर एक छोटी वेगळी फाईल ठेवा, तिच्यात एकच गोष्ट: कुठल्या ओळीपर्यंत पाठवून झालं. नेट असलं की त्या खुणेच्या पुढच्या ओळी पाठवायच्या, समोरून "मिळालं" आलं तरच खूण पुढं सरकवायची. नेट दोन तास गेलं तर २४ वेळांच्या नोंदी साठतात आणि नेट आलं की आपापल्या मूळ वेळेसह जातात. पाठवलेली वेळ वेगळी, मोजलेली वेळ वेगळी. मागच्या माणसानं सर्व्हर जी वेळ लावेल ती खरी धरली होती, त्यामुळं नेट आल्यावर दोन तासांचे आकडे एका मिनिटावर थप्पी लागून बसायचे.

सुरुवातीला थिंगस्पीक ही आकडे साठवून आलेख काढणारी वेबसाईट वापरा. फुकट खातं मिळतं, एका चॅनेलमध्ये आठ रकाने असतात आणि आलेख मोबाईलवर दिसतो. माझी वाटणी अशी: पहिले चार रकाने चार चेंबरचं तापमान, पाचवा दारांचा, सहावा दोषाचा, सातवा लाईट आहे की नाही, आणि आठव्यात पाठवायच्या किती ओळी शिल्लक आहेत. या आठव्या रकान्याला लोक हसतात, पण मी सकाळी उठून आधी तोच बघतो. शिल्लक वाढत चालली म्हणजे कुठंतरी पाणी तुंबलंय.

एकेक नोंद पाठवली तर फुकट खात्यात दोन नोंदींमध्ये १५ सेकंद थांबावं लागतं आणि उत्तरात नोंदीचा क्रमांक येतो. ० आला तर नोंद घेतलेली नाही. साठलेल्या नोंदी एकगठ्ठा पाठवायची सोय वेगळी आहे, तिथं प्रत्येक नोंदीला तिची वेळ देता येते. पण गठ्ठा स्वीकारल्याचं उत्तर २०० (म्हणजे "झालं") नसतं, २०२ (म्हणजे "घेतलं, करतो") असतं. "२०० आलं तरच खूण सरकव" असं मी लिहिलं होतं, म्हणून माझा बॉक्स एकाच गठ्ठ्याचा रात्रभर जप करत बसला.

काहींना गूगल शीटच हवी असते, कारण सीएला एक्सेलसारखं काहीतरी दाखवायचं असतं. जमतं. शीटमागच्या स्क्रिप्टचं उत्तर मात्र आधी ३०२ येतं, म्हणजे "शेजारच्या दारी जा". बोर्डाच्या प्रोग्राममध्ये शेजारच्या दारी जायची परवानगी चालू केली नाही तर शीटमध्ये ओळ पडते पण बोर्डाला ते कळत नाही, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा पडते. शीटला एक कोटी घरांची मर्यादा आहे. चार चेंबर, सहा रकाने, पाच मिनिटं, या हिशोबानं ती चार वर्षांना थोडी कमी पडते.

स्वतःचा सर्व्हर असेल तर यंत्राचं नाव, चेंबर आणि वेळ मिळून एकच नोंद धरा, दुसऱ्यांदा आली तर दुर्लक्ष करा. कारण असं होतंच, की नोंद पोचते आणि "मिळालं" हे उत्तर वाटेत हरवतं. पाठवणं फसलं तर लगेच डोकं आपटू नका. एक मिनिट थांबा, मग दोन, मग चार, जास्तीत जास्त अर्धा तास.

लिहायची किल्ली, म्हणजे त्या चॅनेलचा पासवर्डच म्हणा, ग्रुपवर टाकू नका. आबांच्या पुतण्यानं कौतुकानं स्क्रीनचा फोटो टाकला होता, किल्लीसकट.

आणि कुणी म्हणालं, "बॉक्सचा पत्ता द्या, आम्ही बाहेरून उघडून बघतो," तर नको म्हणा. मोबाईलच्या नेटवर आपल्याला सहसा स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतच नाही, एका पत्त्यामागं शेकडो गिऱ्हाईकं असतात. म्हणून बॉक्सनंच बाहेर बोलायचं, बाहेरच्यानं आत यायचं नाही. सुरक्षेलाही तेच बरं.

सिम आणि लाईट

ऑफिसात नेट असेल तर तेच वापरा. नसेल तर ४जी राऊटर. स्वस्तातलं ते लाल २जी मॉड्यूल घेऊन जिओचं सिम टाकणारे मला वर्षात चारपाच तरी भेटतात. जिओचं २जी नाहीच, तुम्ही कितीही अँटेना फिरवा. शिवाय ते मॉड्यूल पाठवताना क्षणभर दोन अँपिअर ओढतं, आणि बारक्या सप्लायवर बोर्डच रिसेट होतो.

सिम कुठलं? गावात जाऊन, पॅनेल रूममध्ये उभं राहून, दोन मोबाईल हातात घेऊन बघा. सांगलीत बसून ठरवू नका. प्रीपेड असेल तर बहुतेक २८ दिवसांचं असतं, म्हणजे वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज. दर महिन्याच्या एक तारखेला मारतो म्हणणाऱ्याचं सिम कधीतरी बंद पडणारच. सिम मालकाच्या नावावर घ्या, माझ्या किंवा तुमच्या नाही.

आता ज्या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळा बोट ठेवलंय ती. लॉगरला यूपीएस असतो आणि राऊटर साध्या सॉकेटवर. लाईट गेली, कॉम्प्रेसर थांबला, लॉगर जागा आहे, आणि सांगायला रस्ताच नाही. ज्या क्षणासाठी एवढं सगळं केलं, नेमका तोच क्षण मुका. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. जनरेटर चालू करताना लाईटचा जो झटका बसतो, तोही त्यानं निघून जातो. बोर्डात वॉचडॉग चालू ठेवा, म्हणजे प्रोग्राम अडकला तर बोर्ड आपोआप नव्यानं सुरू होईल आणि कार्डावर "सुरू" अशी ओळ पडेल.

हाक कधी मारायची

एका रीडिंगवर अलार्म ठेवलात तर आठवड्यात लोक तो बंद करतील. डिफ्रॉस्टला, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवताना, तापमान चढतंच, माल भरताना तर तासन् तास. आबांकडं मर्यादा ७ अंश आणि सलग चार रीडिंग, म्हणजे वीस मिनिटं, अशी ठेवलीय. तुमच्या मालाप्रमाणं बदला.

याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा अलार्म: काहीच आलं नाही तर. हा बॉक्समध्ये ठेवून उपयोग नाही, मेलेला माणूस मी मेलो म्हणून फोन करत नाही. तो सर्व्हरच्या बाजूला हवा. थिंगस्पीकच्या रिॲक्ट नावाच्या सोयीत माहिती न आल्याची अट लावता येते, तिला टेलिग्रामचा संदेश जोडा. अर्धा तास शांतता झाली की आबा, पुतण्या आणि मी, तिघांना संदेश.

रात्री दोनला टेलिग्राम वाजून कुणी उठत नाही, हेही खरंच. म्हणून बॉक्समधून एक रिले (विजेवर चालणारा स्विच) काढून वॉचमनच्या खोलीत हूटर लावा. त्याला नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. पहिल्या रात्री हूटर वाजला तेव्हा तात्या मला फोनवर म्हणाले, "इन्स्ट्रुमेंटवालं, ह्ये बंद कुठनं करायचं?" बंद करायचं बटण दिलंय, पण ते दहा मिनिटंच गप्प बसवतं.

मोडून बघा

बसवून झालं की बिल करू नका. एक पूर्ण दिवस ठेवा आणि मालकांसमोर एकेक गोष्ट मोडा. राऊटरची पिन दोन तास काढा, परत लावा, आलेखातली मोकळी जागा मूळ वेळांनी भरते का बघा. प्रोबची वायर काढा, रेघ तुटली पाहिजे. तुटली नाही आणि पुढं सरकत राहिली तर प्रोग्राम परत उघडा. बॉक्सची वीज बंद करा, अर्ध्या तासानं तिघांचे फोन वाजले पाहिजेत. राऊटर बंद ठेवूनच बॉक्स चालू करा आणि कार्डावरची तारीख आजची आहे का वाचा. शेवटी ग्लिसरीनची बाटली चेंबरबाहेर आणून उन्हात ठेवा आणि हूटर किती मिनिटांनी वाजतो ते घड्याळ लावून मोजा. ते मिनिट मालकांना वहीत लिहून द्या, सहीसह.

वही अजून आहे. कोल्ड स्टोअरेजला कागद लागतोच, आणि मीही ती बंद करू दिली नाही. तात्यांना फक्त एवढंच सांगितलं की आकडा मोबाईलमधून उतरवायचा नाही, पॅनेलवरच्या कंट्रोलरचा लिहायचा, आणि रात्री झोप लागली तर रकाना मोकळा सोडायचा, कुणी रागावणार नाही. आता दोन-तीनचे रकाने बऱ्याचदा मोकळे असतात. बाकीच्यांची शाई वेगवेगळी दिसते.

रिचार्जच्याच दिवशी कार्ड काढून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नक्कल करून ठेवायची, म्हणजे दोन कामं एकदम आठवतात. आणि बर्फाची परीक्षा वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, नवा बेदाणा यायच्या आधी, चेंबर रिकामे असताना. थर्मास तात्यांचा असतो. आदल्या रात्रीचा चहा नीट धुऊन घ्या.